पैसा होता, तरी घर टिकवणं सोपं नव्हतं

तुमचा प्रश्न असा, की वर्णभेदाच्या काळात अमेरिकेतल्या ज्या कृष्णवर्णीयांकडे पैसा होता, त्यांना समुद्रकाठी सुट्टीची घरं सहज मिळत होती का? नाही. पैसा मोजून जागा मिळाली तरी ती टिकेल याची खात्री नव्हती.

मला आधी आठवतं ते मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसजवळचं हायलँड बीच. गुलामगिरीतून निसटून पुढे थोर वक्ते झालेले फ्रेडरिक डग्लस यांचा मुलगा चार्ल्स यादवी युद्धात लढलेला. तो आणि त्याची बायको लॉरा बे रिज नावाच्या रिसॉर्टवर गेले, तर तिथल्या हॉटेलात त्यांना वर्णावरून जेवायला नाकारलं. चार्ल्सने तिथून जवळच चेसापीक उपसागराच्या काठाला लागून चाळीसएक एकर जमीन 1893 साली विकत घेतली आणि नातेवाईक, मित्रांना प्लॉट विकले. वडिलांसाठीही घर बांधायला काढलं. त्याच्या सज्जातून पाण्यापलीकडचा किनारा दिसावा अशी त्यांची इच्छा होती, कारण त्याच बाजूला ते गुलाम म्हणून जन्मले होते. पण फेब्रुवारी 1895 मध्ये ते गेले. घर नंतर पुरं झालं. आज तिथे संग्रहालय आहे.

माझ्या मते खरी हुशारी पुढची. 1922 साली या वस्तीने स्वतंत्र गावाचा कायदेशीर दर्जा मिळवला. कारभार रहिवाशांच्याच हाती आला.

याचं मोल कळायला कॅलिफोर्नियातलं मॅनहॅटन बीच बघा. तिथे विला आणि चार्ल्स ब्रूस यांनी 1912 पासून कृष्णवर्णीय पर्यटकांसाठी रिसॉर्ट चालवलं. आपल्याकडे सातबारा नावावर असावा तशी जमीन रीतसर त्यांच्या मालकीची होती. तरी 1924 मध्ये नगरपालिकेने उद्यानाचं कारण दाखवून सक्तीचं भूसंपादन सुरू केलं. हातावर 14,500 डॉलर टेकवले, आणि जागा मात्र पुढे कित्येक वर्षं रिकामीच ठेवली! याचा मला आजही संताप येतो. 2022 मध्ये ती लॉस एंजेलिस काउंटीकडून, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाकडून, वारसांना परत मिळाली; वर्षभरात त्यांनी ती सुमारे 2 कोटी डॉलरला काउंटीलाच विकली. त्याच कारवाईत शेजारच्या इतर कृष्णवर्णीय कुटुंबांच्याही जागा गेल्या होत्या. परत मिळाली ती फक्त ब्रूस यांची.