सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आणि तुझी सकाळ

अगं, तुझा मेसेज काल रात्री वाचला. "काका, सकाळी 7 ला जाते, रात्री 8 ला येते आणि तरी यादी तेवढीच." वाचून जीव कळवळला, कारण स्टुटगार्टला अमेरिकन लष्कराच्या मुख्यालयात मॅनेजर झाले की सगळ्यांचा पहिला सप्टेंबर, म्हणजे अमेरिकन आर्थिक वर्षाची अखेर, असाच जातो आणि कोणी आधी सांगत नाही. म्हणून बसून लिहितोय.

सगळ्यात आधी घड्याळ नीट समजून घे. वॉशिंग्टन तुझ्या 6 तास मागे, म्हणजे तू 9 ला खुर्चीत बसतेस तेव्हा तिकडे पहाटेचे 3 वाजलेत, कोणी काही मागणार नाहीये. दुपारी 2 नंतर तिकडचे लोक ऑफिसात येतात आणि मग टास्करवर टास्कर, म्हणजे वरून आलेली कामं, प्रत्येकावर सस्पेन्सची, म्हणजे उत्तर द्यायच्या मुदतीची तारीख, आणि ती बहुतेक कालचीच. तुझी सकाळ ही तुझी आहे. तू ती कालच्या मेलना उत्तरं देण्यात घालवतेस, हो ना? तिथेच चुकतंय. सकाळी माणसं भेट, मेल दुपारी.

कुठली माणसं, तर ऐक. कर्नलसाहेब दोन-तीन वर्षांत बदलून जातात, उन्हाळ्यात तर अर्धं ऑफिस नवं असतं. तुला साधारण 5 वर्षं, वाढवून मिळाली तर अजून दोन. पण तुझ्या बजेटच्या टेबलावरच्या त्या जर्मन बाई तिथे 25 वर्षं आहेत गं. तुझ्या पॅच बरॅक्स तळावर युरोपियन कमांड, म्हणजे युरोपमधल्या अमेरिकन सैन्याचं मुख्यालय, 1967 पासून आहे, फ्रान्सने निघा म्हटल्यावर पॅरिसजवळून हलली ती, आणि एवढ्या वर्षांचं कुठलं कॉन्ट्रॅक्ट का केलं, कुठला करार कुठे अडकला, हे फायलीत कमी आणि या लोकांच्या डोक्यात जास्त असतं. नव्या कर्नलला ते कळत नाही, त्याच्याकडे वेळच नसतो. त्याला ते तुझ्याकडून कळायला हवं, हेच तुझं खरं काम आहे, स्लाइड्स नव्हेत.

आता माझी चूक सांगतो, तू करू नकोस. जर्मनीतच आधीच्या एका ऑफिसात असताना वर्षअखेरीच्या गडबडीत मी एका जर्मन सहकाऱ्याला थेट म्हटलं, शनिवारी या. बिचारे आले. सोमवारी बेट्रीब्सफरट्रेटुंगचं पत्र टेबलावर, म्हणजे तिथल्या कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली समिती, कामाच्या वेळा बदलायच्या तर आधी त्यांच्याशी बोलावं लागतं आणि मी बोललोच नव्हतो. मी जाऊन माफी मागितली. पण मला लागलं ते वेगळंच, त्या शनिवारी त्या सहकाऱ्याच्या नातीचा वाढदिवस होता आणि त्यांनी मला सांगितलंही नव्हतं. तेव्हापासून मी ऑगस्टमध्येच विचारायचो, शेवटच्या आठवड्यात कोण कधी आहे, फोल्क्सफेस्टच्या जत्रेला कोणी सुट्टी घेतलीय का, आणि समितीलाही तेव्हाच लेखी कळवायचो.

पैशाचं थोडक्यात. 30 सप्टेंबरच्या मध्यरात्री एक वर्षाचा निधी संपतो, म्हणून 28-29 तारखेला कोणीतरी येईल आणि म्हणेल सही कर, नाहीतर पैसे परत जातील. जाऊ देत! ज्याची या वर्षी खरी गरज नाही त्यावर सही करायची नाही, समोर कोणीही असो. आणि 1 ऑक्टोबरला नवं बजेट मंजूर झालेलं नसेल, तर कंटिन्यूइंग रिझोल्यूशनवर, म्हणजे तात्पुरत्या मंजुरीवर चालावं लागतं, नवीन काम सुरू करता येत नाही, हे टीमला आत्ताच सांगून ठेव म्हणजे तेव्हा तोंडं पडणार नाहीत.

आणि एक घरचं. फोन आणि घड्याळ बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवून तू आत जातेस, तुझी आई दुपारी जेवण झालं की फोन करते, तेव्हा तुझ्याकडे 10-साडेदहा वाजलेले असतात आणि तो फोन त्या लोखंडी खणात वाजून वाजून बंद होतो. ती काळजी करत बसते, मला विचारते. तिला एकदा नीट सांग, की घरातून निघायच्या आधी 6:30 ला मीच करीन, पुण्यात तेव्हा 10 वाजलेले असतात.

संध्याकाळी 5 ला बिगुल वाजतो आणि सगळे गाड्या थांबवून, उतरून झेंड्याकडे तोंड करून उभे राहतात ना, त्या वेळी तू खिडकीतून बघत टाइप करत असतेस असं म्हणालीस. या आठवड्यात एकदा तरी त्या वेळी बाहेर पड, टीमला घेऊन. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा 11 वाजलेले असतात, मेल येतच राहतील. ज्या टास्करचा सस्पेन्स खरंच उद्या सकाळचा आहे तेवढ्यासाठी परत आत जा, बाकीच्यांसाठी नाही.

टीमचे कॉम्प टाइमचे, म्हणजे जादा कामाच्या बदल्यात मिळणाऱ्या सुट्टीचे तास मात्र लिहून घे, आठवणीवर ठेवू नकोस. शनिवारी फोन करतो, जेवून घे आधी.

काका