ईसीएचएलमधल्या पहिल्या सीझनआधी

प्रिय मित्रा,

ईसीएचएल, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकीची तिसऱ्या पातळीवरची लीग; तिथल्या संघाच्या ट्रेनरच्या नोकरीचं तुझं ऑफर लेटर वाचलं. फोनवर पगाराचा आकडा सांगताना तुझा आवाज जरा खाली गेला, तेही कळलं. आठवड्याच्या हिशेबाने पैसे, राहायला फ्लॅट, दौऱ्यावर जेवणाचा भत्ता. सीझन संपल्यावर काय, याबद्दल त्या कागदात एक ओळ नाही. तरी घे, असंच मी म्हणेन. फक्त काय घेतोयस ते आधी समजून घे.

कोल्हापुरात आई विचारेल, ‘म्हणजे टीमचा फिजिओ ना?’ हो म्हणून टाक. पहाटे तीनला बसमधून ओल्या बॅगा उतरवणं, हॉटेलच्या खोल्यांची यादी करणं, पाण्याच्या बाटल्या धुणं हेही त्यातच येतं, ते नंतर सांग. या लीगमध्ये मुख्य कोच, एखादा सहायक, इक्विपमेंट मॅनेजर आणि तू. एवढ्यावर संघ चालतो. इक्विपमेंट मॅनेजरशी पहिल्या दिवसापासून जमवून घे. ओले ग्लोव्ह्ज आणि पॅड नीट सुकले नाहीत तर त्वचेचे आजार अख्ख्या ड्रेसिंग रूममध्ये फिरतात, आणि ते तुझ्याच टेबलावर येतात.

वर एनएचएल ही सगळ्यात मोठी लीग, मध्ये एएचएल, खाली आपण. 1988 मध्ये पाच संघांवर सुरू झालेली ही लीग आज किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत पसरली आहे. ऑक्टोबर ते एप्रिल, 72 सामने. टोलिडो किंवा फोर्ट वेनसारख्या शहरात मंगळवारी स्टेडियम भरणं अवघड, म्हणून बरेचसे सामने शुक्रवार, शनिवार, रविवार असे लागोपाठ येतात. तीन रात्रींत तीन सामने, मधे बसचा प्रवास. तिसऱ्या दिवशी मांडीचे आणि जांघेचे स्नायू बोलायला लागतात. दिवाळीही याच धबडग्यात येते. फराळाचं पार्सल फ्लॅटवर नको, रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या पत्त्यावर मागव.

आता खरं ते. तिथं लॉकरवरची नावांची पट्टी सतत बदलते. एनएचएलमध्ये एक गोलकीपर जखमी झाला की एएचएलमधला वर जातो, आणि त्याच्या जागी तुमचा. संध्याकाळच्या सामन्याच्या तयारीत असलेला पोरगा दुपारीच विमानात असतो. त्यात नियम असा, की 260 व्यावसायिक सामने ओलांडलेले व्हेटरन संघात चारच. पाचवा कितीही चांगला असला तरी त्याला जागा नाही. सगळ्यांना वरची उदाहरणं पाठ असतात: गोलकीपर जोनाथन क्विक याच लीगच्या रेडिंग संघात खेळला होता, जॉर्डन बिनिंग्टन कॅलामाझूमध्ये, आणि पुढे दोघांनीही एनएचएलचा स्टॅनली कप उचलला. जॅरेड बेडनारने तर साउथ कॅरोलिनाकडून आधी खेळाडू आणि मग कोच म्हणून आपल्या लीगचा ‘केली कप’ जिंकला, पुढे कोच म्हणूनच 2016 मध्ये एएचएलचा कॅल्डर कप, 2022 मध्ये कोलोरॅडोबरोबर स्टॅनली कप. खोलीतल्या प्रत्येकाला वाटतं, पुढचा फोन माझा.

म्हणून जखमी खेळाडू तुझ्याशी खोटं बोलेल. मनाला लावून घेऊ नकोस. जखमींच्या यादीत नाव असलेल्याला वरून बोलावणं येत नाही, आणि त्याची जागा घ्यायला कोणीतरी दारात उभाच असतो. तू त्याच्या शब्दांकडे कमी आणि हातापायांकडे जास्त बघ. पायावर पक, म्हणजे खेळातली ती कडक रबरी चकती, घेऊन आलेला खेळाडू मध्यंतरात स्केट काढत नसेल, तर समज. काढला तर पाय सुजेल आणि परत आत जाणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. डोक्याला मार बसलेला ‘आय ॲम गुड’ म्हणेल; त्याला नाडी बांधायला खाली वाकू दे आणि बघ. मान खाली घातल्यावर डोळे मिटून क्षणभर थांबला, किंवा नाडी बांधायचं टाळून तुझ्याशी गप्पा मारत बसला, तर हेल्मेट काढून घे आणि शांत खोलीत नेऊन तपास. कन्कशनमधून, म्हणजे डोक्याच्या माराने मेंदूला बसलेल्या धक्क्यातून, परतायच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, प्रत्येकीला किमान 24 तास. प्लेऑफ आहे म्हणून त्यातली एकही गाळली जात नाही.

कोच विचारेल, ‘आज चालेल का?’ एवढंच सांग: चालेल, किंवा नाही चालणार. त्याला खेळवावं की नाही, तो फॉर्मात आहे का, यावर चुकूनही मत देऊ नकोस. बसमध्ये कोचशेजारी बसून लाइनअपवर गप्पा मारायचा मोह फार होतो, विशेषतः आपल्यासारख्या क्रिकेटची टीम घरी बसून निवडणाऱ्यांना! पण संघात कोण राहणार यात तुझा हात आहे असं एकदा पोरांना वाटलं, की ते दुखणं तुझ्यापर्यंत येऊच देणार नाहीत.

गळ्याच्या संरक्षणाबाबत मात्र हट्टी राहा. 28 ऑक्टोबर 2023 रोजी इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये सामना चालू असताना खेळाडू ॲडम जॉन्सन स्केटची पात गळ्याला लागून गेला, तेव्हा तो 29 वर्षांचा होता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने आपल्या स्पर्धांमध्ये नेक गार्ड सक्तीचा केला. पोरं गरम होतं म्हणून कुरकुरतील. कुरकुरू दे. आणि रक्तस्राव थांबवायचा सराव सीझनआधीच्या कॅम्पमध्येच कर, प्रत्येक पाहुण्या रिंकवर रुग्णवाहिका कुठल्या दाराशी उभी आहे ते सामन्याआधी स्वतः चालत जाऊन बघ.

नोंदी रोजच्या रोज लिही. खेळाडू वर गेला की दोन तासांत तिथल्या ट्रेनरचा फोन येतो, आणि त्याला तुझं मत नको असतं, तारखा हव्या असतात. या नोंदींवरूनच वरचे लोक तुला ओळखायला लागतील. एएचएलमधल्या जागा उन्हाळ्यात निघतात. बायोडेटा मेमध्येच तयार ठेव, संघ प्लेऑफमध्ये असला तरी.

कॅम्प सुरू झाला की सोमवारी फोन कर. रविवारी तू बसमध्ये झोपलेला असशील.

तुझी,
ताई