माझ्या हातून काही झालं तर?

"मॅडम, माझ्या हातून काही भयंकर झालं तर?" समुपदेशक म्हणून हे वाक्य किती वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून मी ऐकलं असेल! बाळाला पाळण्यात ठेवायला घाबरणारी नवी आई, इंजेक्शनचा डोस पुन्हा पुन्हा तपासणारी नर्स, मागच्या आरशावरून नजर न हटवणारा बसचा ड्रायव्हर. यातले बहुतेक जण आपल्या कामात चोख असतात. बेफिकीर माणूस ही काळजी घेऊन माझ्याकडे फिरकत नाही, त्याला तशी गरजच वाटत नाही.

या काळजीबद्दल सांगायचं तर मला एक क्रेन ऑपरेटर आठवतात. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि पुष्कळ भेटींमधलं बोलणं थोडक्यात दिलं आहे.

गजबजलेल्या बंदरात, धक्क्यावरच्या मोठ्या क्रेनवर त्यांचं काम. केबिन जमिनीपासून चाळीसेक मीटर वर, म्हणजे तेरा-चौदा मजली इमारतीइतकी उंच. पायाखाली काच. त्यातून खाली बघत, पुढे वाकून, दोन हातांत दोन जॉयस्टिक धरून तासन् तास बसायचं. मानेची आणि पाठीची दुखणी या खुर्चीबरोबर फुकट मिळतात, असं ते म्हणायचे. दोरांना लटकलेली लोखंडी चौकट, म्हणजे स्प्रेडर, कंटेनरवर अचूक टेकवायची. चारही कोपऱ्यांतली लॉक फिरली की दिवा लागतो, मग उचलायचं. चाळीस फुटी भरलेला कंटेनर तीस टनांपर्यंत जातो. चांगला ऑपरेटर तासाला पंचवीस-तीस कंटेनर हलवतो. खाली ट्रेलरची रांग आणि माणसांची ये-जा.

एकदा ट्रेलरवरचा कंटेनर उचलताना त्याच्याबरोबर ट्रेलरही उचलला गेला. ट्रेलरच्या एका कोपऱ्यातलं लॉक उघडायचं राहून गेलं होतं. बंदरात हा प्रकार नवा नाही. म्हणूनच आधी जरासं उचलून थांबायचं, कंटेनर आणि ट्रेलर यांच्यात फट दिसली की मगच पुढे जायचं, अशी पद्धत असते. हे पद्धतीप्रमाणेच उचलत होते, त्यामुळे चाकं वीतभर वर आल्याबरोबर थांबले आणि ट्रेलर हळूच खाली टेकवला. ड्रायव्हरला खरचटलंही नाही. चौकशीत यांची चूक निघाली नाही, उलट वरिष्ठांनी पाठ थोपटली.

काही आठवड्यांनी विचार सुरू झाला. कंटेनर अधांतरी असताना सुटला तर? खाली कुणी असलं तर? ते लॉकचा दिवा चार-पाचदा बघू लागले. वॉकीटॉकीवर खालच्या माणसाला "क्लिअर ना? नक्की क्लिअर ना?" असं इतक्यांदा विचारू लागले की तो वैतागला. कामाचा वेग घसरला, सुपरवायझरची बोलणी सुरू झाली. शिफ्ट संपल्यावरही डोक्यात क्रेन चालूच.

"नोकरी सोडू का?" हा पहिल्या भेटीतला प्रश्न. मी म्हटलं, "हा निर्णय आपण आज घ्यायचा नाही."

खरी गोष्ट मात्र त्यांनी बऱ्याच भेटींनंतर सांगितली, तीही टेबलाकडे बघत.

"सुटला तर, असा विचार नाही येत मॅडम. मीच मुद्दाम सोडला तर, असा येतो."

"आणि मग?"

"मग वाटतं, मी आतून तसाच असणार. चांगल्या माणसाच्या डोक्यात असलं काही येईल का?"

इथे थोडं थांबते, कारण वाचणाऱ्यांपैकी अनेक जण याच ठिकाणी अडकलेले असतात आणि घरात कुणालाही सांगत नाहीत. उत्तर असं की, येतं. चांगल्या माणसाच्या डोक्यात सर्रास येतं. रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच दाखवून दिलं की नको असलेले, किळसवाणे, हिंसक विचार बहुसंख्य निरोगी माणसांनाही येतात आणि मंत्रचळाच्या (ओसीडी) रुग्णांच्या विचारांपेक्षा ते आशयाने फारसे वेगळे नसतात. फरक पडतो तो त्या विचाराला आपण किती किंमत देतो यात. एकाला तो येतो आणि निघून जातो. दुसरा त्याला पकडून चौकशी लावतो. ज्याला दुसऱ्याच्या जिवाची फिकीर जास्त, त्याचीच चौकशी जास्त कडक!

यातली गंमत बघा. भार लटकलेला असताना स्प्रेडरची लॉक उघडतच नाहीत, तशी सोयच यंत्रात केलेली असते. हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं ठाऊक होतं. तरी बटणापासून बोट लांब ठेवण्यासाठी ते हात अवघडून बसायचे. म्हणून अशा माणसाला माहिती देत बसण्यात फारसा अर्थ नसतो. माहिती त्याच्याकडे भरपूर असते. त्याला हवी असते शंभर टक्के हमी, आणि ती कुठल्याच कामात मिळत नाही. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली आहे. त्यामुळे समोरच्याच्या बोलण्यातला हट्ट शोधायची मला खोडच लागली आहे. यांचा हट्ट असा होता: 'असा विचार माझ्या मनात येताच कामा नये.' आणि विचार ढकलायला जावं तर तो अधिक जोरात येतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांचा १९८७ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजतच राहिली.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान डोलावली आणि पुढच्या भेटीला होते तसेच आले. मग मी विषय बदलला.

"कंटेनर झुलायला लागला की तुम्ही काय करता?"

पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी टेबलावरचं माझं पेन आणि चष्म्याची दोरी घेतली. दोरीच्या टोकाला पेन बांधलं आणि दुसरं टोक चिमटीत धरलं. "ही ट्रॉली, म्हणजे दोर ज्याला लटकतात तो वरचा गाडा, आणि हा कंटेनर. ट्रॉली थांबली की कंटेनर पुढे जातो. नवीन पोरगा घाबरतो आणि ट्रॉली मागे खेचतो." त्यांनी चिमूट मागे ओढली, पेन सपकन हेलकावलं. "झोका वाढला बघा. खेचायचं नाही. तो ज्या बाजूला निघालाय, त्याच बाजूला त्याच्या मागून जायचं. तो टोकाला पोचला की आपण त्याच्या बरोबर डोक्यावर असलो पाहिजे." चिमूट पेनाच्या मागोमाग सरकली. पेन सरळ लटकून राहिलं.

"तुमच्या विचाराशी तुम्ही यातलं काय करता?"

ते पेनाकडे बघत राहिले. मग जरा चिडूनच म्हणाले, "पण मॅडम, कंटेनर खरा असतो. तीस टनांचा. हा तर नुसता विचार आहे!"

मी काहीही बोलले नाही. आपण काय बोललो ते त्यांना ऐकू यायला थोडा वेळ लागला. मग ते हसले, डोळे पुसले आणि दोरी सोडवून माझं पेन मला परत दिलं. हेच वाक्य मी आधी अनेकदा त्यांना ऐकवलं होतं, पण ते त्यांच्या तोंडून निघणं गरजेचं होतं. त्या क्षणी मला गप्प बसता आलं, याचं मला आजही समाधान आहे.

पुढचं काम सोपं नव्हतं, पण सरळ होतं. लॉकचा दिवा एकदा बघायचा, कारण तो नियम आहे. दुसऱ्यांदा बघावासा वाटला की तो नियम नव्हे, भीतीची मागणी. ती अपुरी ठेवायची आणि अस्वस्थता अंगावर घेऊन पुढचा कंटेनर उचलायचा. 'सोडलास तर?' असा विचार आला की त्याच्याशी वाद घालायचा नाही, उत्तर द्यायचं नाही, फक्त 'आलास होय' म्हणून हातातलं काम चालू ठेवायचं. सुरुवातीला घालमेल वाढते, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. ती वाढली आणि मग ओसरू लागली.

त्यांच्या पत्नीलाही एकदा बोलावलं. रोज रात्री ते तिला विचारायचे, "मी तसा माणूस आहे का गं?" ती बिचारी म्हणायची, "नाही हो, काहीतरीच काय!" त्याने दहा मिनिटं बरं वाटायचं, मग पुन्हा तोच प्रश्न. मी तिला सुचवलं की प्रेमाने, पण उत्तर न देता एवढंच म्हणा, "तो प्रश्न परत आला वाटतं." घरच्यांना हे निष्ठुर वाटतं. पण रोजचा दिलासा हा या काळजीचा खुराक असतो.

सगळीच काळजी अशी झटकायची का? नाही. ब्रेक नीट लागत नसेल, झोप झाली नसेल, औषधाने गुंगी येत असेल, नजर कमी झाली असेल, तर ते वरिष्ठांना आणि डॉक्टरांना सांगायचं. तिथे समुपदेशकाचं काम नाही. वाऱ्याचा वेग ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की क्रेन थांबवतात, वारा उतरला की सुरू करतात. खऱ्या खबरदारीला अशी सुरुवात असते आणि शेवटही असतो. शेवटच नसलेली तपासणी ओळखायला शिका.

अलीकडे काही बंदरांत या क्रेन खालच्या ऑफिसातून, पडद्यांवर बघून चालवतात. रॉटरडॅमच्या एका टर्मिनलमध्ये हे २०१५ पासून चालू आहे. यांच्याकडेही तशी सोय आली आणि त्यांची निवड झाली. त्यांचा फोन आला. "मॅडम, खुर्ची जमिनीवर आली, पण तो पाहुणा अधूनमधून इथेही येतो." काम कसं चाललंय विचारलं तर म्हणाले, वेग पूर्वीसारखा आहे, मान मात्र आता दुखत नाही.

असे विचार आणि तपासण्या दिवसातला तासाहून जास्त वेळ खात असतील, झोप उडाली असेल किंवा काम टाळणं सुरू झालं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांनाही जरूर भेटा. या त्रासावर परिणामकारक औषधं आहेत आणि समुपदेशनाबरोबर ती घेता येतात. आणि हे विचार त्रास देण्याऐवजी हवेसे वाटू लागले, किंवा स्वतःला वा कुणाला इजा करण्याचा बेत मनात आकार घेऊ लागला, तर ती वेगळी गोष्ट आहे. तेव्हा त्याच दिवशी मदत घ्यायची.