शाळेतली वर्णबंदी उठणे आणि शाळा एक होणे

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या काळ्या मुलांच्या शाळाप्रवेशाच्या लढ्यावर मराठीत लिहिताना 'डीसेग्रिगेशन' आणि 'इंटिग्रेशन' या दोन्हींसाठी 'एकात्मीकरण' लिहिलं तर चालेल का? सोबत नमुन्याचं वाक्य दिलं आहे: '१९५७ साली लिटल रॉकमधील शाळेचे एकात्मीकरण झाले.'

चालणार नाही. 'डीसेग्रिगेशन' म्हणजे वंशावरून वेगळं ठेवण्याची सक्ती काढणं, 'इंटिग्रेशन' म्हणजे मुलं प्रत्यक्ष एकत्र आणणं. या दोन शब्दांमधल्या अंतरावरच तिथे चौदा वर्षं लढाई झाली.

१७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांत वंशावरून मुलं वेगळी ठेवणं एकमताने घटनाबाह्य ठरवलं. पुढच्याच वर्षी दक्षिण कॅरोलायनातल्या ब्रिग्ज खटल्यात न्यायाधीश जॉन पार्कर यांच्या पीठाने या निकालाचा अर्थ लावला, तो असा: घटना भेदभावाला मनाई करते, एकत्रीकरण करायला सांगत नाही. दक्षिणेतल्या शाळामंडळांना एवढी फट पुरली. दारावरची बंदी कागदोपत्री काढायची, 'ज्याने त्याने आपली शाळा निवडावी' म्हणायचं आणि सगळं होतं तसंच ठेवायचं. व्हर्जिनियातल्या न्यू केंट काउंटीत शाळा दोनच होत्या. निवडीची मुभा देऊन तीन वर्षं झाली तरी एकाही गोऱ्या मुलाने काळ्यांची शाळा निवडली नव्हती आणि ८५ टक्के काळी मुलं जुन्याच शाळेत होती. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बंद केली. गोऱ्यांची एक आणि काळ्यांची एक अशा शाळा नकोत, नुसत्या शाळा हव्यात, असं त्या निकालात म्हटलं आहे. मला हे 'नुसत्या शाळा' फार मोलाचं वाटतं.

म्हणून 'इंटिग्रेशन'साठी 'एकत्रीकरण' ठेवावं. 'एकात्मीकरणा'त मनंही जुळल्याची सूचना आहे, ती इथे खोटी ठरते. 'सेग्रिगेशन'ला काही जण 'विलगीकरण' म्हणतात, पण २०२० नंतर तो शब्द वाचला की करोनाचा वॉर्डच आठवतो. व्यवस्थेचं नाव म्हणून 'वर्णविभाजन' बरं. आणि 'डीसेग्रिगेशन'साठी मी 'वर्णबंदी उठणे' किंवा 'उठवणे' सुचवेन. रोटीबंदी, बेटीबंदी हे शब्द आपल्याकडे रुळलेले आहेत. त्याच घडणीचा हा शब्द कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. 'वर्ण' म्हटल्यावर चातुर्वर्ण्य आठवण्याची शक्यता असते, पण संदर्भ काळ्या-गोऱ्यांचा असला की घोटाळा होत नाही.

आता ते वाक्य. आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहराच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ काळी मुलं गेली. राज्याचे गव्हर्नर फॉबस यांनी नॅशनल गार्ड या राज्याच्या दलाचे सैनिक उभे करून त्यांना अडवलं होतं. अखेर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कराची १०१वी एअरबोर्न डिव्हिजन पाठवली, तेव्हा सैनिकांच्या पहाऱ्यात ती वर्गात पोचली. वर्षभर त्यांना मारहाण आणि शिवीगाळ सोसावी लागली. १९५८-५९ मध्ये तर शहरातली सरकारी हायस्कुलं बंदच ठेवली गेली. याला एकात्मीकरण म्हणणं त्या मुलांवर अन्याय आहे. '१९५७ साली लष्कराच्या बळावर लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमधली वर्णबंदी उठली,' असं लिहावं.

मात्र बॉस्टनबद्दल लिहिताना 'वर्णबंदी' वापरू नये. तिथे काळ्या मुलांना मज्जाव करणारा कायदा नव्हता. शाळासमितीच्या धोरणांनी शाळा वेगळ्या राखल्या होत्या, असं १९७४ साली न्यायाधीश गॅरिटी यांनी ठरवलं. तिथे 'वर्णविभाजन मोडणे' हेच योग्य.