मॅक्सिमा सोर्सपासून बिल्ड करताना कोणते लिस्प निवडावे?

प्रश्न थोडक्यात असा: उबुंटूवर मॅक्सिमा (बीजगणित, कलन अशी गणिते चिन्हांनी करणारा प्रोग्राम) सोर्सपासून बिल्ड करायचे आहे. कॉन्फिगर करताना एसबीसीएल, क्लिस्प, ईसीएल, जीसीएल, सीसीएल अशी नावे समोर येतात. भाषा तर एकच, कॉमन लिस्प; ही तिची वेगवेगळी इम्प्लिमेंटेशन्स. मग कोणतेही घेतले तर चालेल का? काम मुख्यतः बहुपदींचे आहे आणि अधूनमधून फार मोठ्या पूर्णांकांचे.

आधी उत्तर देतो. एसबीसीएल घ्या आणि जोडीला ईसीएल किंवा क्लिस्प हे दुसरे लिस्पही त्याच बिल्डमध्ये ठेवा. कॉन्फिगरला एकाहून अधिक लिस्प सांगता येतात, त्यामुळे यात फक्त थोडी डिस्क आणि थोडा वेळ जातो. पण एसबीसीएल प्रत्येक कामात पुढे नाही, म्हणून कारणे नीट पाहू.

मॅक्सिमाचा वेळ तीन प्रकारच्या कामांत जातो: पदावल्यांच्या याद्या फिरवणे, पूर्णांकांचे गणित आणि दशांश संख्यांचे गणित. लिस्प निवडायचे ते यातला तुमचा वेळ कुठे जातो ते पाहून.

पहिले काम म्हणजे विस्तार, सुलभीकरण, विकलन. यात लाखो छोटे लिस्प-सेल (यादीचे स्मृतीतले तुकडे) तयार होतात आणि लगेच टाकून दिले जातात. इथे दोनच गोष्टींना महत्त्व आहे: कोड थेट मशीन कोडमध्ये उतरतो का, आणि गार्बेज कलेक्टर (वापरून झालेली स्मृती परत मोकळी करणारा भाग) किती चपळ आहे. एसबीसीएल सगळे मशीन कोडमध्ये कंपाइल करते आणि त्याचा कलेक्टर पिढ्यांनुसार कचरा गोळा करतो, म्हणून अल्पायुषी सेलचा भार त्याला फारसा जाणवत नाही. क्लिस्प बाइटकोड (मशीन कोड नव्हे, तर मधल्या पातळीचा कोड) चालवते, त्यामुळे अशा कामात ते बरेच मागे पडते. ईसीएल आधी सी कोड तयार करते आणि मग जीसीसी या सी कंपायलरकडून तो कंपाइल करून घेते. वेग चांगला मिळतो, पण मॅक्सिमा बिल्ड व्हायला एसबीसीएलपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. शिवाय मॅक्सिमामध्ये स्वतःचे फंक्शन कंपाइल करायचे असेल, तर त्या यंत्रावर सी कंपायलर असावाच लागतो.

दुसरे काम पूर्णांकांचे, आणि इथे चित्र उलटू शकते. संख्या एका मशीन-शब्दात मावते तोवर ती फिक्सनम असते आणि तिचे गणित जवळपास फुकट होते. ही मर्यादा ६४-बिट यंत्रावरसुद्धा प्रत्येक लिस्पची वेगळी आहे. एसबीसीएलमध्ये सर्वात मोठा फिक्सनम २ च्या ६२ व्या घातापेक्षा एकने कमी, ईसीएलमध्ये ६१ व्या, सीसीएलमध्ये ६० व्या, तर क्लिस्पमध्ये फक्त ४८ व्या घातापेक्षा एकने कमी. मर्यादेपलीकडे बिगनम, म्हणजे अनेक शब्दांत साठवलेला मोठा पूर्णांक, सुरू होतो. बहुपदींचे अवयव पाडताना किंवा मसावि काढताना मधले सहगुणक फुगत जातात. तुमचे सहगुणक १५-१६ अंकांच्या आसपास असतील, तर क्लिस्प त्यांना बिगनम म्हणून हाताळेल आणि एसबीसीएल फिक्सनम म्हणून.

खरोखर मोठ्या, म्हणजे हजारो-लाखो अंकी संख्यांसाठी गुणाकाराची पद्धत महत्त्वाची ठरते. ईसीएल आणि जीसीएल मोठ्या संख्यांच्या गणिताची जीएमपी लायब्ररी वापरतात. क्लिस्पचे स्वतःचे बिगनम गणित मोठ्या संख्यांसाठी मुद्दाम मेहनत घेऊन लिहिलेले आहे. इतर बाबतींत मंद असलेले क्लिस्प अशा कामात पुढे गेलेले दिसले तर चकित होऊ नका. एसबीसीएलचे मूळ बिगनम जीएमपीवर चालत नाही.

तुमच्या हातातली आवृत्ती कशी वागते हे पाच मिनिटांत तपासता येते. शोटाइम (लागलेला वेळ दाखवणारा) हा चल ट्रू करा. ३ चा २० लाखावा घात काढून एका चलात ठेवा, ओळीच्या शेवटी डॉलर द्या. ही संख्या ९,५४,२४३ अंकी आहे. तिचा वर्ग करा आणि वेळ टिपा. मग ३ च्या ४० लाखाव्या घाताचा वर्ग करून पुन्हा वेळ टिपा. वेळ चौपट झाला, तर आत शाळेतली उभ्या मांडणीची पद्धत चालू आहे. तिप्पट झाला तर कारात्सुबा, आणि दुपटीहून किंचित जास्त झाला तर फूरिए रूपांतरावरची पद्धत. डॉलर विसरू नका. तो नसेल तर लाखो अंक दशमान करून छापण्यातच वेळ जातो आणि मोजमाप गुणाकाराचे राहत नाही.

चौपट आला तर एसबीसीएल सोडायची गरज नाही. त्याच्यासोबत एसबी-जीएमपी नावाचे मॉड्यूल येते. मॅक्सिमाच्या प्रॉम्प्टवर कोलन-लिस्प लिहून ते रिक्वायर करा आणि त्यातले इन्स्टॉल-जीएमपी-फन्स हे फंक्शन चालवा, म्हणजे गुणाकार आणि मसावि जीएमपीकडे जातात. मॉड्यूल सापडत नाही असा संदेश आला, तर एसबीसीएल-होम हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एसबीसीएलच्या लायब्ररी फोल्डरकडे वळवा. मॅक्सिमाचे बिगफ्लोटसुद्धा (हव्या तितक्या अंकांच्या दशांश संख्या) आतून पूर्णांकच असतात, त्यामुळे एफपीप्रेक, म्हणजे त्या अंकांची संख्या, हजारोंत ठेवणाऱ्यांनाही हाच उपाय लागू पडतो.

तिसरे काम दशांशांचे. मॅक्सिमातली लॅपॅक (मॅट्रिक्सचे गणित), क्वाडपॅक (संख्यात्मक संकलन) वगैरे पॅकेजेस फोरट्रानमधून यंत्राने लिस्पमध्ये आणलेली आहेत. हा कोड प्रकारांच्या घोषणांनी भरलेला आहे, आणि त्या घोषणांचा फायदा एसबीसीएल पुरेपूर घेते. १००० गुणिले १००० ची डबल मॅट्रिक्स तिथे सलग ८० लाख बाइटांत बसते. क्लिस्पमध्ये दशांशांसाठी खास अ‍ॅरे नसतो. प्रत्येक संख्या हीपवरची (प्रोग्रामच्या कामाच्या स्मृतीतली) स्वतंत्र वस्तू असते आणि अ‍ॅरेमध्ये तिचा फक्त पत्ता असतो. आयगेनमूल्यांचे मोठे काम क्लिस्पवर करू नये, हे त्यामुळेच.

थ्रेडबद्दलही अनेकदा विचारले जाते. अमुक लिस्पमध्ये थ्रेड चांगले आहेत म्हणून मॅक्सिमासाठी ते निवडू नका. मॅक्सिमाचे मूळ म्हणजे एमआयटीमध्ये १९६८ साली सुरू झालेली मॅकसिमा (Macsyma) ही जुनी प्रणाली. ती मॅकलिस्पमध्ये, म्हणजे कॉमन लिस्पच्याही आधीच्या बोलीत लिहिलेली होती. तिथला जागतिक चलांवर चालणारा ढाचा आजच्या कोडमध्ये टिकून आहे, त्यामुळे एका प्रक्रियेत दोन गणिते सुरक्षितपणे चालत नाहीत. समांतर काम हवे असेल तर मॅक्सिमाच्या वेगवेगळ्या प्रती चालवा.

आता प्रत्यक्ष बिल्ड. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो, टाइप रोमनमध्ये करा.) गिटमधून कोड घेतला असेल तर ऑटोकॉन्फ, ऑटोमेक आणि टेक्सइन्फो आधी बसवा आणि बूटस्ट्रॅप स्क्रिप्ट चालवा. टारबॉल असेल तर बूटस्ट्रॅप लागत नाही. मग कॉन्फिगर चालवताना एनेबल-एसबीसीएल, एनेबल-ईसीएल आणि विथ-डिफॉल्ट-लिस्प बरोबर एसबीसीएल हे पर्याय द्या. प्रीफिक्स तुमच्या होम फोल्डरमधला द्या, म्हणजे डिस्ट्रोच्या मॅक्सिमाशी गल्लत होत नाही. आणखी एक पर्याय मी आग्रहाने सुचवेन, एनेबल-एसबीसीएल-एक्झेक.

त्याचे कारण असे. एरवी बिल्डमधून फक्त मॅक्सिमा-कोर ही फाइल (मॅक्सिमा भरलेल्या लिस्पच्या स्मृतीची साठवलेली प्रत) तयार होते आणि ती चालवायला सिस्टिममधले एसबीसीएल, म्हणजे त्याचा रनटाइम, वापरले जाते. कोर आणि रनटाइम अगदी एकाच बिल्डचे असावे लागतात. पुढे कधीतरी अपडेटमध्ये एसबीसीएलची नवी आवृत्ती आली की कालपर्यंत चालणारे मॅक्सिमा कोर वेगळ्या रनटाइमसाठी बनले आहे अशी तक्रार करून बंद पडते. एक्झेक पर्यायाने रनटाइम आणि कोर एकाच फाइलमध्ये जातात आणि ही अडचण उरत नाही. तुम्ही स्वतः कंपाइल केलेल्या फासल (एसबीसीएलने कंपाइल केलेला कोड असलेल्या) फाइलींना मात्र हाच नियम लागू आहे. नव्या एसबीसीएलने मॅक्सिमा पुन्हा बिल्ड केले की त्याही पुन्हा कंपाइल करा.

मेक झाल्यावर मेक चेक टाळू नका. शेवटी अनपेक्षित चुका नाहीत असे वाक्य आले पाहिजे. काही चाचण्या ज्ञात दोष म्हणून आधीच नोंदलेल्या असतात आणि ती यादी लिस्पनुसार थोडी बदलते, त्यामुळे दोन लिस्पमध्ये आकडा वेगळा दिसला तर घाबरू नका. अनपेक्षित म्हणून दाखवलेली चूक मात्र गंभीर समजा. बसवल्यावर लिस्ट-अव्हेल पर्यायाने कोणती लिस्प उपलब्ध आहेत ते दिसते, आणि डॅश-एल पुढे नाव दिले की त्या सत्रापुरते लिस्प बदलते.

स्मृतीचा प्रश्न बहुपदींच्या कामात हमखास येतो. एसबीसीएलचा हीप सुरुवातीलाच ठरतो, सत्र चालू असताना वाढत नाही. तो संपला की अनेकदा पकडता येणारी चूकही मिळत नाही. एलडीबीचा (एसबीसीएलच्या आतल्या डीबगरचा) प्रॉम्प्ट येतो आणि सत्रातले सगळे जाते. म्हणून मॅक्सिमा सुरू करताना डॅश-एक्स पुढे अवतरणात डायनॅमिक-स्पेस-साइझ आणि मेगाबाइटमधला आकडा द्या, उदाहरणार्थ ८१९२. हा आकडा ठरवताना लक्षात ठेवा की कलेक्टर जिवंत माहितीची नवी प्रत काढतो. ४ जीबीच्या हीपमध्ये ३ जीबी जिवंत पदावल्या असतील, तर कचरा गोळा करतानाच जागा संपू शकते. अंदाजाच्या दुप्पट ठेवा. रिकर्शन खोल जाऊन कंट्रोल स्टॅक संपल्याचा संदेश येत असेल तर हीप वाढवून उपयोग नाही. त्यासाठी कंट्रोल-स्टॅक-साइझ हा वेगळा पर्याय आहे. मूळ स्टॅक २ एमबीचा असतो, तो ६४ करून पाहा. ईसीएलमध्येही हीपला मर्यादा असते, पण ती चालू सत्रात वाढवता येते.

चाचणीसाठी (x, y, z, w यांच्या जागी तुमची चले घ्या) चार चले अधिक १ या बेरजेचा ३० वा घात विस्तारून पाहा. त्यात ४६,३७६ पदे येतात. हेच गणित दोन्ही लिस्पवर चालवा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुमचे रोजचे एक खरे गणितही चालवा.

उरलेल्यांविषयी थोडक्यात. ईसीएल पहिल्या क्रमांकावर कधी घ्यावे? मॅक्सिमा दुसऱ्या सी किंवा पायथन प्रोग्राममध्ये लायब्ररी म्हणून बसवायचे असेल तेव्हा. सेजमॅथ नेमके तेच करते. जीसीएल आणि मॅक्सिमा या दोन्हींवर विल्यम शेल्टर यांचाच हात फिरलेला आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडून १९९८ मध्ये मॅक्सिमा जीपीएल या मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध करण्याची परवानगी मिळवणारेही तेच. त्यामुळे जीसीएलवर मॅक्सिमा चांगले पळते. पण जीसीएल चालत्या प्रक्रियेची स्मृती जशीच्या तशी एक्झिक्युटेबल म्हणून लिहिते, आणि पत्त्यांची जागा यदृच्छया बदलणाऱ्या आजच्या कर्नलशी ते जुळवणे नाजूक काम आहे. डिस्ट्रोने तयार दिले तर वापरा, स्वतः बिल्ड करत बसू नका. सीसीएल कंपाइल फार पटकन करते, पण एम-चिपच्या मॅकवर थेट चालणारी त्याची आवृत्ती नाही; तिथे एसबीसीएल थेट चालते. एबीसीएल जावा यंत्रावर चालते आणि जावाची गरज असेल तरच घ्यावे.

क्लिस्प दुसरे लिस्प म्हणून ठेवायचे आणखी एक कारण आहे. एखादे उत्तर संशयास्पद वाटले तर तेच गणित क्लिस्पवर चालवा. दशांशाच्या शेवटच्या एक-दोन अंकांत फरक आला तर तो दोष नाही, कारण साइन, लॉग अशी फंक्शन्स क्लिस्प स्वतः काढते आणि इतर लिस्प बहुधा सिस्टिमच्या लायब्ररीवर विसंबतात. पण संकलनाचे रूप किंवा अवयवच वेगळे आले, तर बिल्ड-इन्फोचे दोन्हीकडचे आउटपुट जोडून दोष नोंदवा. लिस्पची आवृत्ती त्यातच असते आणि दोष शोधणाऱ्याला पहिल्यांदा तीच लागते.