बाळाने सेफ्टी पिन गिळली तर केळं भरवावं का?

तुमचा प्रश्न असा : आठ महिन्यांच्या बाळाने सेफ्टी पिन गिळली तर केळं भरवल्यावर ती शीतून पडून जाते, असं घरचे म्हणतात, ते खरं का, आणि हॉस्पिटलात नेमकं करतात काय?

केळं नको. पाणी नको, अंगावरचं दूधही नको. बोट घालून उलटी काढायला तर मुळीच जाऊ नका. बाळ पिऊन-खाऊन असो वा उपाशी, उचला आणि निघा.

परळ भागात लहान मुलांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये मी 22 वर्षं सिस्टर होते. केळ्याचा उपाय सांगणाऱ्या आज्या बऱ्याच भेटल्या आणि त्यांचा मला राग येत नाही. मुलं गिळतात त्यातल्या 80 ते 90 टक्के वस्तू आपसूकच खाली उतरतात, श्रेय मात्र केळ्याला मिळतं. उघड्या पिनेचं तसं नाही. शिवाय पिन काढायची दुर्बीण (तोंडावाटे आत घालतात ती, कॅमेऱ्याची) तान्ह्या बाळाला भूल दिल्याशिवाय घालत नाहीत, आणि पोट भरलेलं असताना भूल दिली तर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जायची भीती. एरवी भुलेआधी अंगावरच्या दुधाला 4 तास, वरच्या खाण्याला 6 तास जाऊ देतात. पिन अन्ननलिकेत उघडी रुतलेली असेल तर तेवढं थांबायची सोय नसते.

गेल्यावर आधी एक्स-रे : मानेपासून ओटीपोटापर्यंत, समोरून आणि बाजूनेही. पिन धातूची, लगेच दिसते. (माशाचा काटा बहुतेकदा दिसत नाही. तिथे एक्स-रे साफ आला म्हणून घरी परतू नका.) बाळाला काही होत नसलं, हसत-खेळत असलं तरी एक्स-रे हवाच. लाळ गळणं, दूध नाकारणं, ओकाऱ्या ही लक्षणं असतात, पण दर वेळी असतातच असं नाही.

पुढचं सगळं पिन कुठे आहे, मिटलेली की उघडी, आणि टोक कुठल्या दिशेला यावर ठरतं. अन्ननलिकेत असेल तर दोन तासांच्या आत काढायचा प्रयत्न असतो, जठरात असेल तर 24 तासांच्या आत. उघडी पिन टोक वर करून अडकली असेल तर सरळ ओढत नाहीत, नळी फाटेल. ती हलकेच जठरात ढकलतात, तिथे फिरवतात, स्प्रिंगकडची गोल बाजू चिमट्यात धरतात आणि टोक मागे ठेवून वर आणतात. टोक पुढे असलं तर भोक पाडतं, मागून फरफटत आलं तर नाही, हा नियम फिलाडेल्फियाचे डॉ. शेव्हालिए जॅक्सन यांचा. मुलांनी-माणसांनी गिळलेल्या नि श्वासात ओढलेल्या 2,374 वस्तूंचा त्यांचा संग्रह तिथल्या म्यूटर म्युझियममध्ये आहे. त्यात सेफ्टी पिनाही आहेत.

पिन जठराच्या पुढे आतड्यात गेली तर दुर्बीण सहसा पोचत नाही. मग रोज एक्स-रे, शीवर नजर. तीन दिवस जागची हलली नाही, किंवा ताप, उलट्या, पोट ताठ होणं, काळी शी असं काही झालं, तर सर्जन बघतात. पोट उघडायची वेळ क्वचितच येते.

एक मात्र वेगळं : घरात बटन सेल (घड्याळात, खेळण्यांत असतात ते चपटे गोल) असतील आणि पिनेची खात्री नसेल, तर तसं गेल्या गेल्या सांगा. अन्ननलिकेतला सेल दोन तासांत आतून जाळायला लागतो, आणि एक्स-रेमध्ये नाण्यासारखाच दिसू शकतो.

बहुतेक पिना येतात कुठून? नजर लागू नये म्हणून झबल्याला काळे मणी लावलेल्या पिनेतून, नाहीतर आईच्या बांगडीतून. एकदा मध्यरात्री दहा महिन्यांच्या मुलाची पिन काढून मी बाहेर दाखवायला आणली, तर आईच्या मंगळसूत्राला आणखी दोन लटकत होत्या. "सिस्टर, सवयच आहे हो," म्हणाली. त्या मी तिथेच मागून घेतल्या.

मुंबईत असाल तर परळचं वाडिया किंवा केईएम, सायन, नायर. गाडी नसेल तर 108. जवळच्या खाजगी नर्सिंग होमला जाणार असाल तर निघतानाच फोनवर विचारा, तान्ह्या बाळाची दुर्बीण रात्री होते का. नाही म्हणाले तर तिथे थांबू नका.