घरच्या नेटवर्कवरून कॉम्प्युटर रोज ठरलेल्या वेळी आपोआप सुरू कसे करायचे?

भाऊ, तुमचा नागपुरात मानेवाड्याला घरीच टायपिंगचा क्लास आहे, खालच्या खोलीत पाच मशीन, सकाळी ७ ची बॅच, आणि रोज एकेक बटन दाबत फिरायचं नाही, असं तुम्ही विचारलं. होऊन जाते हे, आणि फार खर्चही नाही. फक्त मशीन लॅनच्या वायरने जोडलेल्या पाहिजेत, वायफायच्या भरवशावर राहू नका.

याला वेक-ऑन-लॅन म्हणतात. कॉम्प्युटर शटडाउन केला तरी भिंतीवरच्या बोर्डाचं बटन चालू असेल तर पॉवर सप्लाय ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन देत राहतो, तेवढ्यावर नेटवर्क कार्ड जागं असते आणि त्याला मॅजिक पॅकेट नावाचा छोटा नेटवर्क संदेश मिळाला की ते मशीन उठवते. त्या पॅकेटमध्ये सहा वेळा एफएफ ही बाइट आणि मग त्या मशीनचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे तिच्या नेटवर्क कार्डचा स्वतःचा नंबर, सोळा वेळा, बस, १०२ बाइट. ते जाते सगळ्यांकडे पण ज्याचा मॅक जुळला तोच उठतो.

म्हणून पहिले घरातल्यांना सांगा की रात्री भिंतीवरचं बटन बंद करायचं नाही. आपल्याकडे झोपताना सगळी बटनं बंद करत जायची सवय असते, चांगलीच सवय आहे, पण इथं तीच आडवी येते.

मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मशीनच्या सेटिंगमध्ये, वेक ऑन लॅन चालू, ईआरपी किंवा डीप स्लीप (बंद मशीनची वीज वाचवणारी सेटिंग) बंद. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये कॉम्प्युटर उठवायच्या परवानगीला टिक करा, आणि फास्ट स्टार्टअप नक्की बंद करा, पुष्कळ लोकांचं घोडं इथंच अडते. आता शटडाउन करून कॅबिनेटच्या मागे वाकून पाहा, वायर खोचली त्या पोर्टजवळचा बारका हिरवा नाहीतर नारिंगी लाइट लागून राहिला तर कार्ड जागं आहे, विझला तर पुन्हा बायोसमध्ये जा.

पॅकेट पाठवायला चोवीस तास चालू असलेलं काहीतरी लागते. मी रास्पबेरी पाय हा हाताएवढा छोटा कॉम्प्युटर सांगीन, त्यात क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी काम करणाऱ्या त्याच्या सोयीत, सोमवार ते शनिवार ६:४५ टाका आणि दोन मशीनमध्ये वीस सेकंदांचं अंतर ठेवा, इन्व्हर्टरवर एकदम लोड नको. टाइमझोन कोलकाता करा, युटीसी (जागतिक प्रमाणवेळ) राहिला तर मशीन दुपारी सव्वाबाराला उठतील. मशीन एकच असती तर बायोसमधला आरटीसी अलार्मच, म्हणजे मशीनच्या आतल्या घड्याळाचा गजर, लावा म्हटलं असतं, पण पाच ठिकाणी वेळ बदलत बसण्यापेक्षा एका ठिकाणी बदललेली बरी.

आता लाइट जाण्याचं. उन्हाळ्यात नागपुरात रात्री लाइट गेली न् आली की काही मदरबोर्डांचं नेटवर्क कार्ड जागंच होत नाही, एकदा मशीन सुरू करून नीट शटडाउन करेपर्यंत पॅकेटला दाद देत नाही. त्यावर बायोसमध्ये रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉसला पॉवर ऑन करून ठेवा, मग लाइट आल्याबरोबर मशीन स्वतःच सुरू होते, भले रात्री ३ ला का होईना. मला ते चालते, सकाळी विद्यार्थी बसून राहण्यापेक्षा बरं. रास्पबेरी पाय, राउटर आणि लॅनच्या वायरी जोडायचा नेटवर्क स्विच तिघं छोट्या यूपीएसवर घ्या. जुन्या पायमध्ये स्वतःचं घड्याळ नसते, तो इंटरनेटवरून वेळ घेतो, नेट आलं नाही तर त्याची वेळ चुकीची राहते.

मॅजिक पॅकेट फक्त उठवते, बंद करत नाही. त्यासाठी प्रत्येक मशीनच्या टास्क शेड्युलरमध्ये रात्री ९ चं शटडाउन वेगळं टाका.